टक्केवारीच्या पलीकडचे प्रथिन : डॉ. कमला सोहोनी

नागपूर : धरमपेठ, सदर किंवा सीताबर्डीतील पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात मांजरांसाठीच्या कोरड्या खाद्याचे पाकीट हाती घेतले, तर मागील बाजूस प्रथिनांची टक्केवारी ठळकपणे छापलेली दिसते. हा आकडा बहुधा तीस टक्क्यांच्या आसपास असतो. त्याच्या खाली बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. मासळी किंवा कोंबडीच्या बरोबरीने मका, मक्याचे ग्लुटेन, सोयाबीनची पेंड, तांदूळ, गहू अशी नावे तेथे वाचायला मिळतात. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी. मग या तीस टक्क्यांतील किती प्रथिने मांसाची, किती धान्याची, आणि त्यातली प्रत्यक्षात अंगी किती लागणार, याचे उत्तर त्या ठळक आकड्यात मिळत नाही.

अन्नातील प्रथिनांचा आकडा आणि शरीराला मिळणारे प्रथिन यांत अंतर असते, हा प्रश्न मांजरांच्या खाद्यापुरता नाही. भारतीय माणसाच्या ताटातील डाळी आणि कडधान्यांच्या संदर्भात हाच प्रश्न एका मराठी विदुषीने अनेक दशकांपूर्वी प्रयोगशाळेत नेला व त्याची उत्तरे शोधण्यात उभे आयुष्य वेचले. त्या विदुषी म्हणजे केंब्रिज विद्यापीठातून विज्ञानात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी.

रसायनज्ञांचे घर

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूर येथील टाटा विज्ञान संस्थेच्या, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या, अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. मुलींनी शिकावे की नाही, हा प्रश्न त्या काळी अनेक घरांत वादाचा असला, तरी भागवतांच्या घरात तो पडला नाही. वडिलांप्रमाणे आणि काकांप्रमाणे बंगळूरला जाऊन संशोधन करायचे, हे कमलाबाईंनी लहानपणीच ठरविले होते.

१९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. त्यामुळे बंगळूरच्या संस्थेत प्रवेश मिळण्यात काही अडचण येईल, असे त्यांना किंवा त्यांच्या वडिलांना वाटण्याचे कारण नव्हते. अडचण आली, आणि ती गुणांची नव्हती.

बंगळूरचे बंद दार

संस्थेच्या संचालकपदी त्याच वर्षी सर चंद्रशेखर व्यंकट रमण यांची नियुक्ती झाली होती. तीन वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. नागपूरकरांना ठाऊक असेल की, वित्त खात्यातील नोकरीच्या निमित्ताने हेच रमण १९१० च्या सुमारास काही काळ आपल्या शहरात होते. त्यांच्या थोरवीविषयी कमलाबाईंच्या मनात आदरच होता. परंतु रमण यांनी केवळ मुलगी आहे या कारणास्तव त्यांचा अर्ज नाकारला.

कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. नकाराचे शास्त्रीय कारण त्यांनी विचारले. ते मिळाले नाही, तेव्हा गांधीजींच्या त्या दिवसांना शोभेल असा सत्याग्रहाचा मार्ग त्यांनी पत्करला. अखेर प्रवेश मिळाला. मात्र तो अटींसह. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. त्यांच्यामुळे संस्थेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ नये, अशीही अपेक्षा होती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पुढे अनेक वर्षांनी, ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणून मानमान्यता मिळाल्यावरही, त्यांनी जाहीरपणे ही आठवण सांगितली आणि एवढा मोठा शास्त्रज्ञ स्त्रियांबाबत इतका संकुचित कसा, हे शल्य बोलून दाखविले.

वर्षभरातील कामाने रमण यांचे मत बदलले. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

नायट्रोजन म्हणजे प्रथिन नव्हे

बंगळूरला त्यांना एम. श्रीनिवासय्या हे शिस्तप्रिय परंतु विद्यार्थ्यांना घडविणारे गुरू लाभले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. या कामाचे महत्त्व समजण्यासाठी प्रथिने मोजतात कशी, हे पाहावे लागेल.

डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेचे रसायनज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये अन्नातील नायट्रोजन मोजण्याची एक पद्धत शोधली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे मोजलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज येतो. पद्धत सोपी, स्वस्त आणि विश्वासार्ह असल्याने जगभर रूढ झाली. आजही खाद्याच्या पाकिटावर जो कच्च्या प्रथिनांचा आकडा असतो, तो बहुधा अशा नायट्रोजन मापनातूनच आलेला असतो. यात एक गृहीतक दडलेले आहे. पदार्थातील सारा नायट्रोजन प्रथिनांचाच, असे ते गृहीतक.

प्रत्यक्षात तसे नसते. कडधान्यांत प्रथिनांव्यतिरिक्त इतर संयुगांतही नायट्रोजन असतो. कमला भागवत आणि श्रीनिवासय्या यांनी नेमका हाच भाग वेगळा करून तपासला. कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनविषयीचा त्यांचा निबंध १९३५ मध्ये इंग्लंडच्या 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या देशातील बहुसंख्य जनता प्रथिनांसाठी डाळीवर अवलंबून आहे, त्या देशात डाळीतील खरे प्रथिन किती, हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता. १९३६ मध्ये त्यांनी विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पदवी मिळविली.

केंब्रिजची वाट

शिष्यवृत्ती मिळवून १९३७ मध्ये कमलाबाई केंब्रिजला पोहोचल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल १९२९ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले होते. प्रथिनांच्या दर्जाविषयी जगाला सावध करणाऱ्यांतही त्यांचे नाव अग्रभागी येते. एडिथ विल्कॉक यांच्यासह १९०६ मध्ये केलेल्या प्रयोगात त्यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातील झेइन दिले होते. उंदीर जगू शकले नाहीत. त्याच आहारात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळल्यावर ते अधिक काळ तग धरू लागले. प्रथिन पोटभर असले तरी त्यातील एखादे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडले की शरीराची इमारत उभी राहत नाही, हे त्यातून दिसले.

हॉपकिन्स यांच्या विभागात स्त्री संशोधकांना मानाने स्थान मिळे. बंगळूरच्या अनुभवानंतर कमलाबाईंना हे वातावरण निश्चितच वेगळे वाटले असणार. आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. हिल यांचे क्षेत्र वनस्पतींच्या पेशी हे होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे आढळले. त्या वेळपर्यंत या विषयाचा अभ्यास प्रामुख्याने प्राण्यांच्या पेशींत झाला होता. हिल आणि भागवत यांचे सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरील टिपण १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता जेमतेम चाळीस पानांचा.

परदेशात संशोधनाची संधी होती. तरीही १९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या.

दिल्ली, कुन्नूर, मुंबई

दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काम सुरू केले. त्यानंतर त्या निलगिरीतील कुन्नूर येथे पोषण संशोधन प्रयोगशाळेच्या सहायक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली. कुन्नूरला कमलाबाईंनी जीवनसत्त्वांवर काम केले. परंतु बढतीची वाट मोकळी दिसत नव्हती. १९४७ मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता. तेथे त्या प्राध्यापक झाल्या आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी पर्वाला आरंभ झाला. विद्यार्थ्यांची एक मोठी फळी त्यांनी तयार केली. संशोधनाचे विषय निवडताना त्यांची दृष्टी गरिबाच्या ताटाकडे असे. कडधान्ये, तांदळाचे पीठ, ताडाचा रस हे त्यांच्या प्रयोगशाळेतील विषय होते.

वालातला अडसर

बंगळूरला त्यांनी कडधान्यात खरे प्रथिन किती, हे पाहिले होते. मुंबईत पुढचा प्रश्न हाती घेतला. ते प्रथिन पचते किती?

माणसाच्या व प्राण्यांच्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर स्रवते. प्रथिनांचे तुकडे करण्याचे काम ते करते. अनेक कडधान्यांत मात्र या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवणारी द्रव्ये असतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. सोयाबीनमधील असा रोधक मोसेस कुनित्झ यांनी १९४५ च्या सुमारास अमेरिकेत शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळविला होता. सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांत त्याचा शोध सुरू केला. वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधक त्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. कमला सोहोनी आणि के. एस. आंबे यांचे यासंबंधीचे टिपण १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये आले.

या रोधकांचा परिणाम दुहेरी असतो. एकीकडे खाल्लेले प्रथिन पुरते पचत नाही. दुसरीकडे ट्रिप्सिनची उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक विकर स्रवू लागते आणि त्यात शरीरातील गंधकयुक्त अमिनो आम्ले खर्ची पडतात. कडधान्यांत नेमकी हीच अमिनो आम्ले आधीच कमी असतात. कच्च्या सोयाबीनवर वाढविलेल्या उंदरांची वाढ खुंटते आणि स्वादुपिंड मोठे होते, ते यामुळेच.

यावरचा उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. कडधान्य भिजविणे, मोड आणणे, साल काढणे आणि नीट शिजविणे. पुरेशी ओलसर उष्णता मिळाली की बहुतेक रोधक निष्प्रभ होतात. भिजवून, मोड आणून, सोलून केलेली वालाच्या डाळिंब्यांची उसळ ही चवीची बाब तर आहेच, पण तिच्यामागे रसायनशास्त्रही आहे. डाळीला भाताची जोड का हवी, याचेही उत्तर येथेच आहे. डाळीत लायसिन भरपूर व गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, तर धान्यात याच्या उलट. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

नीरा आणि राष्ट्रपती पुरस्कार

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेवर संशोधन हाती घेतले. ताडवर्गीय झाडांचा हा ताजा गोड रस त्या काळी स्वस्त पेय म्हणून चर्चेत होता. मात्र त्याच्या पोषणमूल्याचा शास्त्रीय आधार हवा होता. त्यातील जीवनसत्त्वे आणि लोह यांचे प्रमाण त्यांनी तपासले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती यांच्या आहारात त्याचा उपयोग होऊ शकतो, असे त्यांच्या कामातून पुढे आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरविण्यात आले. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला.

एवढे असूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना सहज मिळाले नाही. त्यांचा हक्क असतानाही चार वर्षे ते त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. अखेर त्या संचालक झाल्या. बंगळूरच्या दारात १९३३ मध्ये झालेला अन्याय उघड होता. मुंबईतला अन्याय कागदोपत्री, नियमांच्या आडून झाला, एवढाच फरक. २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा तिच्या मुख्य विषयात महिला सक्षमीकरणाचा समावेश होता. त्या मांडवापर्यंतची वाट ज्यांनी तुडविली, त्यांत कमलाबाईंचे नाव आघाडीवर आहे.

ग्राहकांच्या बाजूने

प्रयोगशाळेतील ज्ञान सामान्य गृहिणीपर्यंत गेले पाहिजे, या जाणिवेतून कमलाबाई ग्राहक चळवळीत उतरल्या. १९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी ग्राहक मार्गदर्शक संस्था, अर्थात कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया, स्थापन केली. कमलाबाई तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकातून त्यांनी भेसळ व ग्राहकांची सुरक्षितता या विषयांवर लेखन केले. वेष्टनावर काय छापले आहे आणि आत काय आहे, यांतील तफावत ग्राहकाने ओळखावी, यासाठी त्या झटल्या.

त्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी या तफावतीचे एक भीषण उदाहरण जगापुढे आले, तेही मांजर आणि कुत्र्यांच्या खाद्याच्या रूपाने. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे बाजारातून परत घ्यावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. मेलामाइनमध्ये प्रथिन मुळीच नसते, नायट्रोजन मात्र भरपूर असतो. केल्डाल पद्धतीने मोजले की प्रथिनांचा आकडा फुगतो. ते खाऊन अनेक मांजरांची व कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये हीच भेसळ दुधात सापडली. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. प्रथिनेतर नायट्रोजन वेगळा मोजण्याचे महत्त्व बंगळूरच्या त्या तरुण विद्यार्थिनीने १९३५ मध्ये ओळखले होते.

मांजराच्या ताटलीतही तोच प्रश्न

कमलाबाईंनी मांजरांच्या खाद्यावर संशोधन केले नाही. परंतु त्यांनी विचारलेले तीन प्रश्न पाकिटावरील आकड्याला जसेच्या तसे लागू पडतात. हा नायट्रोजन खरोखर प्रथिनांचा आहे काय? ते प्रथिन पचेल काय? आणि त्यात आवश्यक ती सर्व अमिनो आम्ले आहेत काय?

मांजराच्या बाबतीत तिसरा प्रश्न जिवाशी निगडित आहे. आर्जिनिन हे अमिनो आम्ल एका जेवणात जरी पूर्णतः नसले, तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया वाढतो. टॉरिन मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि धान्यात ते जवळपास नसतेच. टॉरिनअभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये स्पष्ट झाले. १९८७ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराने ग्रासलेल्या मांजरांत हीच उणीव आढळली. ती मांजरे तयार खाद्यावरच वाढलेली होती. त्यानंतर खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले. विदर्भाचे हुकमी पीक असलेल्या सोयाबीनच्या प्रथिनामुळे मांजराच्या शरीरातून टॉरिन अधिक बाहेर टाकले जाते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे.

याचा अर्थ मका किंवा सोयाबीन असलेले प्रत्येक खाद्य निकृष्ट, असा नाही. कारखान्यातील उष्णतेने सोयाबीनमधील बहुतांश ट्रिप्सिनरोधक नष्ट होतात आणि उणे असलेली अमिनो आम्ले वरून मिसळता येतात. तसे ते मिसळले आहे काय, हे मात्र पाहावे लागते. मक्याच्या ग्लुटेनमध्ये कच्चे प्रथिन ६० टक्क्यांच्या घरात असते. पण त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी. कोंबडीच्या पिसांच्या भुकटीत तर ते ८० टक्क्यांच्या आसपास भरते, तरीही प्रक्रियेविना ती फारशी पचत नाही. घटकांच्या यादीत वजनाने अधिक असलेला घटक आधी येतो. मका, मक्याचे पीठ आणि मक्याचे ग्लुटेन अशी वेगवेगळी नोंद केली की प्रत्येकाचा क्रमांक खाली जातो आणि मांस वर दिसते. अमेरिकेतील निकषानुसार प्रौढ मांजराच्या खाद्यात, ओलावा वगळून, किमान २६ टक्के प्रथिन हवे. त्याच निकषांत टॉरिनची किमान मर्यादाही स्वतंत्रपणे दिलेली आहे. केवळ दूधभातावर मांजर पोसणाऱ्या घरांनीही हे ध्यानात घ्यायला हवे.

अखेरचा सन्मान

वयाच्या उत्तरार्धात कमलाबाईंकडे देशाचे पुन्हा लक्ष गेले. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा नवी दिल्लीत सत्कार केला. त्या वेळी परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. जी. व्ही. सत्यवती ही पहिली महिला होती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या.

ज्या मुलीला संशोधनाला अपात्र ठरविले गेले, तिचा सन्मान एका स्त्रीच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संस्थेने केला, हे समाधान त्यांना अखेरच्या क्षणी लाभले. त्यांनी शोधलेले ट्रिप्सिनरोधक आज पाठ्यपुस्तकांत आहेत. ग्राहकांना त्यांनी दिलेली शिकवण मात्र पुस्तकाबाहेरची आहे. वेष्टनावरचा आकडा हे उत्तर नसते, चौकशीची ती सुरुवात असते. बाळाच्या दुधाचा डबा असो, शाळेच्या खिचडीतील डाळ असो वा मुक्या मांजराच्या खाद्याचे पाकीट असो, ही चौकशी खाणाऱ्याला करता येत नाही. ती त्याच्या वतीने दुसऱ्यालाच करावी लागते. कमलाबाईंनी ती आयुष्यभर केली.